पोपट शिकवलेलं बोलत नाही, पोदेराचा भोंगा मात्र वाजवतो: काय तपासायचं, काय बदलायचं

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या घरात रोज पहाटे एकच प्रकार चालायचा. पावणेसहाला बाहेरून ‘पोंक-पोंक’ ऐकू यायचं. सासूबाई उठायच्या, खुंटीवरची कापडी पिशवी घ्यायच्या, अंधारात चपला चाचपायच्या आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, यायचा साडेसहाला. मधला पाऊण तास त्या तिथे डास मारत उभ्या, आणि सोप्यावरच्या पिंजऱ्यात बाबलो एका पायावर उभा राहून मान तिरकी करून त्यांची गंमत बघतोय.

बाबलो हा आमचा आफ्रिकन ग्रे जातीचा राखाडी पोपट. मूळचा नवऱ्याच्या मावसभावाचा. तो कतारला गेला आणि पिंजरा, कागदपत्रं नि अर्धं पोतं सूर्यफुलाच्या बिया यांच्यासकट पक्षी गोव्यात म्हार्दोळला आमच्याकडे आला. आल्या दिवसापासून मी त्याला ‘नमस्कार, या बसा’ शिकवत होते. चौदा महिने. तेवढ्या काळात तो काय शिकला? पोदेराच्या सायकलचा भोंगा. रस्त्यावरच्या बसच्या कंडक्टरचं ‘पणजी-पणजी-पणजी’. सासूबाईंचं ‘कितें जालें गो?’, तेही त्यांच्याच सुरात, शेवटचा ‘गो’ लांबवून. आणि कुकरची शिट्टी. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की तिसरी हा द्यायचा. आम्ही गॅस बंद करायचो आणि डाळ कच्ची राहायची.

‘नमस्कार’ मात्र नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. शिकवणं हाच धंदा असल्यामुळे हे जरा जास्तच लागलं. मग वाचत गेले, चुकत गेले, आणि दुरुस्ती बऱ्यापैकी जमली. आता फोंड्याकडच्या ओळखीच्या चार-पाच घरांतून तीच तक्रार येते, शब्द वेगळे असतात इतकंच. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी पिंजऱ्यात कोण आहे ते बघा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे-पिवळे-निळे चिमुकले पक्षी मिळतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, मूळ ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आणि ते माणसाचे शब्द क्वचितच उचलतात. तुमच्याकडे खरा लव्हबर्ड असेल तर त्याला सुखाने किलबिलू द्या.

बजरीगर बोलतो, आणि बोलायला लागला तर काही विचारू नका. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. पण बोलका असतो तो बहुधा नर. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मऊ पट्टा असतो तो मोठ्या नरात सहसा निळा आणि मादीत तपकिरी दिसतो. काही रंगांच्या जातींत ही खूण फसते. आवाज बारीक आणि भरभर, त्यामुळे ‘नुसता किचकिचतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा फोनवर रेकॉर्ड करून सावकाश वेगाने ऐकावं. एका ओळखीच्या बाईंना तसं ऐकल्यावर कळलं की पक्षी चार महिन्यांपासून त्यांच्या मुलाला ‘उठ रे, उठ रे’ म्हणत होता. कॉकॅटिएल या तुरेवाल्या पोपटातही नरच शिट्ट्या घालतो, शब्द मोजकेच. ग्रेमध्ये नर-मादी दोन्ही बोलतात, पण वर्षाचे होईपर्यंत स्पष्ट शब्दाची घाई करू नये. आणि एका पिंजऱ्यात जोडी ठेवली असेल तर ती दोघं एकमेकांशी बोलतात. तुमची गरज उरत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. पिंजऱ्यात आपला कीर असेल, म्हणजे हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला, माडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला, तर तो बोलत नाही ही त्यातली सगळ्यात लहान अडचण. आपल्याकडचे रानटी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पहाडी पोपट आणि जांभळ्या डोक्याचा पोपटही त्यात आले. ‘आमच्या आजीकडे होता की’ हे मला माहीत आहे, माझ्याही आजीकडे होता. वनखात्याला कळवा, स्वतः नेऊन झाडावर सोडू नका, माणसाळलेला पक्षी दोन दिवस टिकत नाही. परदेशी पक्ष्यांपैकी जे साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) यादीत आहेत त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ग्रे तर २०१७ पासून त्या यादीच्या पहिल्या परिशिष्टात आहे. बाबलोचे कागद आधी झाले, नमस्कार नंतर.

‘त्याची जीभ जड आहे का?’

नाही. हा प्रश्न येतोच, आणि मागोमाग उपायही येतात. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी जीभ खरवडायला. कृपा करून असलं काही करू नका.

आपला आवाज घशात वरच्या बाजूला तयार होतो. पक्ष्याचा खूप खाली, छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे. त्या जागेला सिरिंक्स म्हणतात. गाणाऱ्या पक्ष्यांत तिथे आवाजाचे दोन उगम असतात, पोपटात एकच. तिथून निघालेला आवाज वर येतो तेव्हा पोपट आपली जाड, मांसल जीभ पुढेमागे करून त्याला आकार देतो. हे आपल्यासारखंच झालं. २००४ मध्ये संशोधकांनी मंक पॅराकीट या पोपटावर दाखवून दिलं की जीभ मिलिमीटरच्या काही दशांशांनी सरकली तरी आवाज बदलतो. ज्या अवयवावर इतकं बारीक काम चालतं तो खरवडायचा?

मिरचीबद्दल विचाराल तर ती खुशाल द्या. मिरची खाऊन वाचा फुटत नाही, पण त्याला ती तिखटही लागत नाही. तिखटपणाचा जो रेणू आपल्याला डोळ्यांत पाणी आणतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही. बाबलो लवंगी मिरची शेंगदाण्यासारखी खातो.

अडचण जिभेत नाही, ओठांत आहे, म्हणजे ते नाहीत यात. मराठीच्या बाईला हे पटकन कळायला हवं होतं. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, दोन ओठ मिटल्याशिवाय आपल्याला काढता येत नाहीत. कडक चोचीने ओठ मिटणार कसे? तरी पोपट ‘मिठू’ म्हणतात, आतल्या आत काहीतरी तडजोड करून तसा भास निर्माण करतात. पण नवशिक्याला पवर्ग जड जातो. पहिला शब्द निवडताना क, ग, ट, र असे वर्ण आणि लांब स्वर असलेला निवडा. ‘पोपट’ हा शब्द पोपटासाठी अगदीच गैरसोयीचा आहे. ‘कीर’ सोपा. कोकणीवाल्यांनी इथे बाजी मारली म्हणायची.

‘रोज शिकवते, तरी भलतंच बोलतो’

ही खरी तक्रार, आणि बाकीच्यांचं मूळही इथेच आहे.

आधी माझा मूर्खपणा सांगते. फोनवर माझ्याच आवाजात ‘नमस्कार, या बसा’ रेकॉर्ड केलं आणि मी शाळेत असताना ते रोज तास-दीड तास पिंजऱ्याशेजारी वाजत राहील अशी सोय केली. मुलं पाढे पाठ करतात तसं. सहा आठवडे गेले. सहा आठवड्यांनी बाबलोने एक नवा आवाज काढला. तो होता फोनची बॅटरी संपत आल्याचा ‘टुडूक’.

म्हणजे एक वाक्य शेकडो वेळा ऐकून तो शिकला नाही, आणि दिवसातून एकदा वाजणारा ‘टुडूक’ शिकला. का? कारण ‘नमस्कार’ वाजलं तर घरात काहीही होत नव्हतं. ‘टुडूक’ वाजलं की सासूबाई हातातलं टाकून चार्जर शोधत सोप्यावर यायच्या.

आता बाकीची यादी या नजरेने पाहा. भोंगा वाजला की माणूस पिशवी घेऊन धावतं. तिसरी शिट्टी झाली की कुणीतरी ‘गॅस, गॅस’ म्हणत पळतं. पहिल्या दोन शिट्ट्यांना कुणी उठत नाही, म्हणून त्या त्याने उचलल्या नाहीत. कंडक्टर ओरडला की माणसं पळत सुटतात. पोपट आवाज ऐकून शिकत नाही. ज्या आवाजाला कुणीतरी उत्तर देतं, तो आवाज शिकतो.

याला शास्त्राचा आधार आहे. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ मध्ये शिकागोतल्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा ग्रे विकत घेतला आणि पुढची तीस वर्षं, २००७ मध्ये तो मरेपर्यंत, त्याच्यावर काम केलं. शंभरहून जास्त शब्द, सात रंग, पाच आकार, सहापर्यंतची मोजणी. पण मला कामाचं वाटलं ते वेगळंच: त्यांनी दुसऱ्या ग्रे पक्ष्यांना नुसत्या ध्वनिफिती आणि नुसते व्हिडिओ लावूनही पाहिले. पक्षी त्यातून वस्तूंची नावं शिकले नाहीत. समोर माणूस हवा, आणि त्याच्या बोलण्याने काहीतरी घडायला हवं.

पोपट नक्कल करतो तो आपल्या करमणुकीसाठी नव्हे. रानात पोपटांना एकमेकांशी सतत संपर्क ठेवावा लागतो: दाट पानांत दिसत नाही, म्हणून ‘कुठे आहेस?’, ‘इथेच’. ही हाक जन्मजात पक्की नसते, ती शिकली जाते. व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग यांनी काम केलं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आढळलं की पिल्लू घरट्यात असतानाच त्याच्या हाकेचा साचा आईबापांकडून येतो. म्हणजे एका परीने बारसंच. बजरीगरमध्ये जोडी जमली की नर काही आठवड्यांत मादीच्या हाकेची नक्कल करू लागतो. (आमच्याकडे उलट असतं, पण ते असो.) पोपटांच्या मेंदूत आवाज शिकण्याची केंद्रं असतात आणि त्यांच्याभोवती आणखी एक वेष्टन असतं, जे गाणाऱ्या पक्ष्यांत सापडत नाही. हे २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. इतकी सगळी यंत्रणा कळपात आपली जागा मिळवण्यासाठी आहे. पिंजऱ्यातल्या एकट्या पोपटाचा कळप म्हणजे तुम्ही.

मग बाबलोने ‘कितें जालें गो?’ का उचललं ते मला कळलं. माझ्या हातून काही पडलं, दार आपटलं, की सासूबाई आतल्या खोलीतून तेच विचारतात आणि मी ‘काय नाय’ म्हणून उत्तर देते. दिवसातून वीसेक वेळा. दोन माणसं एकमेकांना दिसत नाहीत, एक हाक देते, दुसरी प्रतिसाद देते. रानातली संपर्काची हाक ती हीच! घरात मी ‘नमस्कार, या बसा’ कुणालाही म्हणत नाही. पाहुण्यालासुद्धा आम्ही ‘यो, बस’ म्हणतो. पुस्तकी मराठी त्याने ऐकली ती फक्त माझ्याकडून, पिंजऱ्यासमोर, शिकवण्याच्या आवाजात. गोव्यात मराठी-कोकणीचा वाद जुना आहे, त्यात पक्ष्याने आपला कौल दिला असं समजू नका. त्याने घरातली बोली उचलली, एवढंच.

आणि जाता जाता: न कळता घोकणाऱ्या मुलाला मी वीस वर्षं ‘पोपटपंची करू नकोस’ म्हणत आले. पोपट घोकंपट्टीने एक अक्षर शिकत नाही.

दुरुस्ती: दोन माणसं आणि एक मिरची

पेपरबर्ग यांची पद्धत अशी की पोपटाला शिकवायचंच नाही. दोन माणसांनी आपापसात बोलायचं, आणि त्याने ते बघायचं. मी आणि माझ्या नववीतल्या मुलीने ते असं केलं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, रानात पोपट कलकलाट करतात त्या वेळेला, आम्ही दोघी पिंजऱ्यासमोर पण एकमेकींकडे तोंड करून बसायचो. माझ्या हातात हिरवी मिरची. मी मुलीला विचारायचं, ‘हे काय?’ ती म्हणायची, ‘मिरची.’ मी खूश होऊन मिरची तिच्या हातात द्यायची. मग तिने मुद्दाम चुकायचं, काहीतरी पुटपुटायचं. मी मिरची मागे घ्यायची, तोंड फिरवायचं. पुन्हा विचारायचं. नंतर अदलाबदल: ती विचारणार, मी उत्तर देणार. ही अदलाबदल चुकवू नका, नाहीतर पक्ष्याला वाटतं एक माणूस फक्त विचारण्यासाठी आहे आणि दुसरं फक्त उत्तरासाठी, आणि आपली त्यात जागा नाही. दहा मिनिटं, जास्त नाही. बाबलोकडे बघायचं नाही.

दुसरी अट: शब्द मिरची, तर बक्षीसही मिरचीच. ‘मिरची’ म्हटल्यावर शेंगदाणा दिलात तर तो शेंगदाण्याला मिरची म्हणायला शिकेल, आणि चूक त्याची नसेल. ‘शाब्बास’ वगैरे मराठी मास्तरणीच्या तोंडात बसलेले शब्द मला गिळावे लागले, कारण तो ‘शाब्बास’ शिकला असता.

पहिले काही दिवस त्याने पाठ फिरवून पिसं साफ केली. चौथ्या दिवसापासून दांडीवरून सरकत जवळ येऊन बसायला लागला, मिरची मुलीकडे गेली की डोळ्याची बाहुली लहान-मोठी व्हायची. अकराव्या संध्याकाळी मुलगी मुद्दाम चुकली, मी मिरची मागे घेतली, आणि पिंजऱ्यातून बारीक, खरखरीत आवाज आला: ‘इच्ची.’

म गायब. ओठ नाहीत ना.

अशा वेळी शुद्धलेखन तपासत बसू नका. ‘इच्ची’ म्हटलं, मिरची दिली, ताबडतोब. देताना आपण नीट ‘मिरची’ म्हणायचं. महिन्याभराने ‘मिच्ची’ झालं. र अजून नीट आलेला नाही आणि मला आता त्याची घाईही नाही. त्यानंतरचे ‘पेरू’ आणि ‘काकडी’ कमी दिवसांत आले. काकडी लगेच, पेरू रडतखडत, म्हणजे वर्णांचं गणित बरोबर होतं.

घरात दुसरं माणूस नसेल तर संपर्काची हाक तरी बदलून बघा. खोलीतून बाहेर जाताना दरवेळी तोच शब्द म्हणा, मी ‘येते हं’ धरला, आणि तो हाकारू लागला की आतून त्याच शब्दाने उत्तर द्या. किंचाळला तर गप्प, थोडा मऊ आवाज काढला की लगेच ‘येते हं’. यातून तुम्हाला एक शब्द मिळतोच, शिवाय दुपारची किंचाळी कमी होते. शेजारी त्याबद्दल जास्त आभार मानतात.

नको ते आवाज, आणि शिव्या

नियम एकच आणि तो पाळायला भयंकर कठीण: उत्तर देऊ नका. ओरडणं हे उत्तर. हसणं हे फार मोठं उत्तर. पिंजऱ्यावर फडकं टाकायला जाणं म्हणजे तुम्ही जातीने हजर राहणं. इंग्लंडमधल्या लिंकनशायर वन्यजीव उद्यानात २०२० मध्ये पाच ग्रे पोपट लोकांसमोरून हलवावे लागले, कारण ते शिव्या द्यायचे, माणसं हसायची, आणि मग पोपटही हसायला शिकले. एक शिवी द्यायचा, बाकीचे खदखदायचे. शिवी लवकर उचलली जाते कारण आपण ती जीव ओतून देतो आणि तिला आजवर कधी उत्तर मिळालं नाही असं झालेलं नाही. म्हापशाच्या एका घरातल्या पोपटाने क्रिकेटच्या मॅचच्या वेळची भाषा उचलली होती. त्यांना मी पोपटाऐवजी घरातल्या पुरुषांसाठी नियम सांगितला.

दुर्लक्ष सुरू केलं की पहिला आठवडा-दीड आठवडा आवाज वाढतो. नेहमीची कळ दाबून दिवा लागत नाही म्हणून आपणही ती जोरात दाबतो, तसंच. इथे बहुतेक लोक हार मानतात, आणि नेमका सगळ्यात मोठ्या आवाजाला उत्तर देतात. मग पक्षी शिकतो की मोठ्यानेच ओरडायचं.

कुकरचं आम्ही असं केलं: शिट्ट्या मोजणं बंद, घड्याळ लावायचं. तिसरी शिट्टी कुणाचीही असो, कुणी उठायचं नाही. दोन महिन्यांत त्याची शिट्टी विरली. डाळ शिजते.

भोंग्याचं मात्र अवघड गेलं. सासूबाईंचा सवाल होता, ‘आणि खरोखरचा आला तर?’ तो रास्त होता. शेवटी असं ठरलं की सव्वासहापर्यंत कितीही पोंक-पोंक होवो, कुणी हलायचं नाही; त्यानंतर वाजला तर आतूनच ओरडून सांगायचं, पाव हवे असतील तर ‘थांब रे’, नको असतील तर ‘आज नाका रे’. सोप्यावर जायचं नाही.

‘पाहुणे आले की तोंड शिवतो’

यात दोष काही नाही. पोपट हे कुणाचं तरी भक्ष्य असतं, अनोळखी डोळे समोर आले की गप्प बसून बघणं हा त्याचा शहाणपणा. सगळ्यांनी भोवती जमून ‘बोल बोल, मिठू बोल’ केलं की तो आणखी मिटतो. पाहुण्याला पाठमोरं बसवा, आपसात गप्पा मारा. पाहुणा फाटकाबाहेर पडला की तो सगळं म्हणून दाखवेल. हे बदलेल अशी आशा धरू नका.

‘बोलत होता, एकदम बंद झाला’

इथे मात्र थट्टा नको. जागा बदलली, जवळचं माणूस गावाला गेलं, पिसं झडायचा काळ सुरू झाला, जत्रेच्या कर्ण्यांनी दोन रात्री झोप नाही, अशा कारणांनी काही दिवस गप्प राहणं समजू शकतं. त्याला रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, टीव्हीच्या खोलीतला पक्षी ती कधीच मिळवत नाही.

पण आवाज बदलला, घोगरा झाला, नेहमीचे शब्द फाटल्यासारखे येऊ लागले, तर वाट बघू नका. अस्परजिलस नावाची बुरशी श्वासमार्गात शिरते आणि कधी थेट सिरिंक्सवरच वाढते. तेव्हा पहिली खूण आवाजाचीच असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चपलांवर, पुस्तकांवर, देव्हाऱ्याच्या मागे बुरशी येते. ती बियांच्या डब्यात येणार नाही का? गेल्या जुलैत बाबलोच्या टरफली शेंगा फोडून पाहिल्या, पाचातल्या दोन आतून राखाडी. तेव्हापासून पावसाळ्यात टरफलासकट शेंगा बंद, बिया थोड्या थोड्या आणायच्या, हवाबंद बरणीत, आणि पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलायचा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि श्वासमार्गाचं अस्तर दुबळं होतं, म्हणून भोपळा, गाजर, तांबडी भाजी, मिरची रोज हवी.

पिसं फुगवून बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, यातलं एक जरी सोबत दिसलं तर त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे. ‘त्याच दिवशी’ मुद्दाम म्हणते. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, आणि आपल्याला दिसतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. मी एकदा दोन दिवस थांबले होते. बाबलो वाचला, पण पुढचे तीन आठवडे दिवसातून दोनदा त्याला टॉवेलात गुंडाळून औषध पाजताना त्याने माझी जी बोटं फोडली त्याचे वण अजून आहेत.

ताजी परिस्थिती

पहाटेचा भोंगा साधारण गणेशचतुर्थीच्या सुमाराला थांबला. सासूबाई पुन्हा साडेसहापर्यंत झोपू लागल्या. ‘मिच्ची’, ‘काकडी’, ‘येते हं’ पक्के झाले. ‘नमस्कार’ मी सोडून दिला.

नवीन बिघाड गेल्या आठवड्यातला. साडेसहाला पोदेर आला, त्याने भोंगा वाजवला, आणि आम्ही आत पिशवी शोधत असताना सोप्यावरून सासूबाईंच्या आवाजात खणखणीत ऐकू आलं, ‘आज नाका रे!’ पोदेर पुढे निघून गेला. तीन दिवसांत दोनदा झालं, दोन्ही वेळा पावाशिवाय चहा. पोदेराला सांगून ठेवलंय, खिडकीत माणूस दिसल्याशिवाय ‘नाका’ ऐकायचं नाही.